कोरिया नको, व्हिएतनाम बघ

सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स) झालं, आता कोरियाला अर्ज करू का, असं विचारलं आहेस. कोरियाचा इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्या पासपोर्टवर ती वाट जवळजवळ बंदच. एजंट काहीही सांगो, पैसे भरू नकोस.

व्हिएतनाम बघ. मी हनोईत २ वर्षं शिकवलं. पदवी, कोर्सचं प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स सगळं इथूनच साक्षांकित करून ने. माझं पदवीचं राहिलं आणि वर्क परमिट दीड महिना अडकलं. "टुरिस्ट व्हिसावर या, परमिटचं मग बघू" म्हणणाऱ्यांना सरळ नाही सांग, अगदी पगार चांगला असला तरी.

पहिल्या आठवड्यात 'नाइस', 'नाइट', 'नाइफ' तिन्ही मला 'नाय' असंच ऐकू यायचं. व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटी 'स' येतच नाही, म्हणून मुलं तो गिळतात. मग ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'स' म्हणायला लावायचे. पट्टी फडफडली की अख्खा वर्ग टाळ्या वाजवायचा! सेल्टातली ती ६ तासांची प्रत्यक्ष शिकवणी तिथे खरी कामाला आली.