वाटाड्या मामा गेले: तुम्हाला कुठल्या वाटेवर भेटले होते?

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे आपले मामा गेल्या महिन्यात गेले. वाडीत रेंज नाही. नातू खाली रस्त्यावर आल्यावर त्यानं कळवलं, तोवर दहावंही उरकलं होतं. आपल्यापैकी कुणालाच पोचता आलं नाही, म्हणून हा धागा.

दोन गोष्टी आधीच सांगतो. मामांचं नाव आणि वाडी लिहू नका, घरच्यांची तशी इच्छा आहे. तसंही निम्म्यांना त्यांचं नाव ठाऊक नसणार. वयाचंही तेच. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा नुकतं लगीन झालेलं, एवढाच हिशोब ते सांगायचे. आणि नुसतं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून जाऊ नका. गाव, साल, वाट लिहा, मग काय घडलं ते लिहा.

सुरुवात मी करतो. डोंबिवली, १९९६, तोलार खिंड. कल्याणहून रात्रीची आळेफाट्याची एसटी, पहाटे खुबी फाटा, मग धरणाच्या भिंतीवरून विजेरीच्या उजेडात खिरेश्वर. जुलै महिना. खिंडीनंतरचा कातळ चढून वर आलो आणि ढगात शिरलो. ज्यांनी ती वाट केली आहे त्यांना माहीत आहे, खिंडीपासून देवळापर्यंत टेकाडामागून टेकाड, सगळी एकसारखी. एका खडकाशी आम्ही तासाभरानं परत आलो. पुन्हा निघालो, पुन्हा तोच खडक. तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला. दहा पावलांवर इरलं पांघरून एक माणूस म्हशी राखत बसलेला.

“दोनदा गेलात इथनं,” तो म्हणाला. “म्हटलं तिसऱ्यांदा आल्यावर बोलू.”

ते मामा.

———

पुणे, २००३, नळीची वाट

माझी गोष्ट मामांचं कौतुक करणारी नाही. बावीस वर्षं ती डोक्यात आहे, म्हणून लिहितो.

बेलपाड्याहून नळीनं, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, वर, मुक्काम कोकणकड्यावर आणि साधले घाटानं खाली असा बेत होता. आम्ही आठ जण, त्यातले दोघं खास बंगलोरहून आलेले. ऑक्टोबरची अखेर. मामा आदल्या संध्याकाळीच साधले घाट उतरून बेलपाड्यात येऊन थांबले होते. त्यांची सासुरवाडी तिथलीच. कमरेला आकडी, आकडीत कोयता, पायात टायरच्या वहाणा. आमच्या पायात तीन-तीन हजारांचे बूट.

नळीत शिरल्यावर दगडांचा खच असतो. एक पाय ठेवला की चार दगड हलतात. मामांनी सगळ्यांना अंतर राखायला लावलं आणि वरच्यानं दगड सुटला की नुसतं “दगड!” म्हणून ओरडायचं, कुठून कुठं ते सांगत बसायचं नाही, असं बजावलं. पहिला कातळटप्पा दोर लावून झाला. दुसऱ्याच्या खाली बारीक धार होती. मामांनी ओंजळ भरली आणि प्यायचं सोडून तिच्याकडे बघत राहिले. पाणी किंचित गढूळ होतं. आम्हाला तर ते दाखवल्यावरही नीट दिसलं नाही.

“वर पडतोय,” म्हणाले. “मागं फिरा.”

डोक्यावर आभाळाची निळी पट्टी दिसत होती. आम्ही समजावलं, विनवलं, मग चिडलो. मी म्हणालो, आम्ही आमच्या जबाबदारीवर जातो. मामा दोराच्या वेटोळ्यावर बसले आणि बिडी पेटवली. दोर आमचाच होता, पण तो त्यांच्या बुडाखाली होता.

फिरलो. दुपारी दोनला बेलपाड्यात. पाऊस आला नाही. एक थेंब नाही. संध्याकाळी कोकणकडा असा लख्ख उजळला की बघवेना. मामांनी ठरलेले पैसे पुरे मागितले. मी म्हटलं, अर्ध्यातून आणलंत, अर्धेच देतो. तर म्हणाले, “चढवायला येक माणूस पुरतो. फिरवायला चार लागत्यात. तुम्ही येकाचेच देताय.”

मी पैसे दिले, पण मनातून नाही. पुढे मी स्वतः मोहिमा न्यायला लागलो आणि सातआठ वेळा तरी लोकांना अर्ध्यातून मागं फिरवलं. त्यातल्या एकदाच पुढे खरंच काही झालं. बाकीच्या वेळी मी बरोबर होतो की चूक, कळायला मार्ग नाही. त्या दिवशीचं पाणी कशानं गढूळलं होतं हे मामांना विचारायचं राहून गेलं.

———

बंगलोर, तोच ट्रेक

त्या दोघांतला एक मी. मामांना मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. मराठीतून बोललो नव्हतो, त्यामुळे त्यांना कळलं नसेल अशी आशा.

———

संगमनेर, २००९, पाचनईची वाट

आग्या मोहोळाचा अनुभव. ग्रुपमधल्या एका पोरानं कड्याखाली घामाचा वास जावा म्हणून अंगावर स्प्रे मारला. दोन मिनिटांत माश्या आल्या. पळापळ झाली असती तर कुणीतरी नक्की खाली गेलं असतं, एका बाजूला दरीच होती. मामांनी त्या पोराला आणि शेजारच्या मुलीला जमिनीवर पाडलं, वर घोंगडी टाकली आणि घोंगडीच्या कडा पायांनी दाबून स्वतः उघड्यावर उभे राहिले. हात हलवला नाही. नंतर बत्तीस काटे काढले, मी मोजलेत. एक डोळा दोन दिवस उघडत नव्हता. पोराला मात्र काहीच बोलले नाहीत. त्याची बाटली तेवढी मागून घेतली आणि आकडीत कोयत्याशेजारी खोचून खाली आणली.

———

मुलुंड, २०१४

मामांच्या घरच्या पिठल्यात मीठ नेहमी जास्त असायचं. कुणीतरी हे लिहायला हवं.

———

नाशिक, २००५ पासून पुढे बऱ्याचदा

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. दर वर्षी मुलांना घेऊन मामांकडे. पहिल्या वर्षी मी झाडाचं लॅटिन नाव सांगायची आणि मामा शेजारी उभे राहून ऐकायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत क्रम उलटा झाला होता. माझ्याकडे नावं होती. कोणत्या झाडाची साल गुरं खातात, कुठला हिरडा कुठल्या महिन्यात उतरवला तर व्यापारी भाव देतो, चाईचा बार केव्हा खुडायचा, भारंगीची भाजी किती पाण्यातून काढली की कडूपणा जातो, हे सगळं त्यांच्याकडे. मुलांच्या वह्यांत दोन रकाने असायचे. मामांचा रकाना नेहमी जास्त भरायचा, आणि परीक्षेत त्याला गुण नसायचे. ही खंत माझी आहे, त्यांची नव्हती.

कारवी त्यांच्या घरात सगळीकडे. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनं लिंपलेल्या. सात-आठ वर्षांनी ती फुलते आणि मग वाळून जाते. मामा त्यावरून साल मोजत. मी विचारलं, थोरली मुलगी कधी झाली? म्हणाले, ती फुलली त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात. मग बोटांवर मागे मोजत गेले. एक कारवी, दोन कारव्या.

एकदा पुरणपोळ्या भरून स्टीलचा मोठा डबा नेला होता. त्यावर माझ्या आईचं नाव कोरलेलं, तिच्या लग्नातला. निघताना विसरले. पुढच्या वर्षी मागायला लाज वाटली, कारण त्यात काहीतरी भरून ठेवलेलं दिसत होतं. मग आई गेली, आणि मग माझे गुडघे गेले. राहूनच गेलं.

———

न्यू जर्सी, २०११, कोकणकडा

इंद्रवज्राबद्दल मी लहानपणापासून ऐकून होतो. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथूनच पाहिल्याची नोंद सगळे सांगतात. पण त्याआधी तीन वेळा जाऊन मला दिसलं नव्हतं. चौथ्या खेपेला मामांनी सकाळी पाय हलवून उठवलं. कडा पश्चिमेकडे तोंड करून. सूर्य पाठीमागून वर येत होता आणि समोर दरीत ढग गच्च भरलेला. कडेपासून पुरेसं मागं पालथं झोपवून त्यांनी माझे घोटे धरले आणि म्हणाले, “आता सरका.”

ढगावर माझी सावली होती आणि सावलीच्या डोक्याभोवती पूर्ण गोल रंगीत कडं. अर्धं नाही, पूर्ण. मी हात हलवला, सावलीनं हलवला.

शेजारी झोपलेल्या मित्राला म्हटलं, बघ, माझ्या डोक्याभोवती. तो म्हणाला, माझ्या. दोघंही हट्टाला पेटलो. मागून मामा हसायला लागले. “ज्याचं त्यालाच दिसतं,” म्हणाले. “मला तुम्हा दोघांचं बी दिसत नाय. मला नुसते पाय दिसत्यात.”

धुक्याच्या थेंबांवरून प्रकाश डोळ्याकडे कसा परततो, म्हणून प्रत्येकाला ते आपल्याच सावलीभोवती का दिसतं, हे मी त्यांना काडीनं मातीत काढून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, हे म्हशीला बी दिसत असंल का? मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

———

कल्याण, २०१७

मी एका ट्रेक भरवणाऱ्या कंपनीत दोन वर्षं लीडर होतो. नाव नको. जोडून सुट्ट्या आल्या की एका रात्रीत गडावर आमचेच शंभरावर लोक असायचे. वीस माणसांमागे एक वाटाड्या असं मामांशी बोलणं व्हायचं आणि प्रत्यक्षात शंभरांमागे ते आणि त्यांचा पुतण्या. पैसे दोघांचेच. मी हिशोब बघायचो, म्हणून मला माहीत आहे. मामांनाही माहीत होतं, कारण खिंडीत उभं राहून ते माणसं मोजायचे. मी एकदा म्हटलं, मामा, भांडा ना. ते म्हणाले, मी भांडलो तर ते वाटाड्याच घेनार नाहीत. आन लोकं तर येनारच.

वाटेवर रंगवलेले बाण त्यांना आवडायचे नाहीत. धुक्यात माणूस बाण शोधतो आणि पायाकडे बघत नाही, असं म्हणायचे. आमच्या कंपनीनं रंगवलेले तीन बाण त्यांनी शेणानं सारवले होते. ते मी पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. माझ्या नावावर जमा करावं असं तेवढंच आहे.

———

ठाणे, १९९९

रात्री बाराला नळीत अडकलो होतो. मामा एकटे वरून नळी उतरून आले, हातात पलिता. देवासारखे आले. आणखी काय लिहू.

———

वाडीतून

मी नातू. खाली फाट्यावर आलोय, हितं रेंज आहे. सगळं वाचलं, आजीला जाऊन वाचून दाखवीन.

ठाण्याच्या साहेबांचं थोडं चुकतंय. आजा रात्रीचा नळीत कधी उतरला नाही. दुसऱ्यालाही उतरू द्यायचा नाही. त्या रात्री तो साधले घाटानं खाली गेला, बेलपाड्यातनं माझ्या आजीच्या भावाला उठवलं आणि दोघं खालून वर चढले. तुम्हाला वरून आल्यासारखं वाटलं असंल, अंधारात आवाज फिरतो नळीत. पलिता बरोबर आहे.

पुण्याच्या साहेबांना. पाण्याचं मला माहीत आहे, आजा सांगायचा. पाऊस नव्हता. वर रानडुकरं लोळली होती. हे त्याला दोन दिवसांनी कळलं, वर जाऊन बघून आला तेव्हा. घरी सांगितलं आणि म्हणाला, पुन्हा तसं पाणी दिसलं तर पुन्हा फिरवीन. पैसे परत द्यावे का म्हणून आजीशी भांडण झालं होतं त्यांचं. आजी द्या म्हणत होती.

मिठाचं आजीला वाचून दाखवणार नाही.

नाशिकच्या मॅडम, डबा आहे. कोरलेलं नाव अजून वाचता येतं, मी शाळेत असताना त्याच्यावरच जोडाक्षर शिकलो. आजी त्यात नाचणीचं बियाणं ठेवते, आत मुंगी जात नाही. मी इथं यायच्या आधीच तिला विचारलं, कुणी वस्तू परत मागितल्या तर द्यायच्या का. ती म्हणाली बाकी काही द्या, डबा पेरणी झाल्यावर.