'सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : हृदयावरच्या परिणामांविषयीच्या लेखासाठी शब्द हवाय. 'उपनैदानिक अवटु-अल्पक्रियता' कुणाला कळणार? 'सौम्य थायरॉइड' चालेल का?

प्रतिसाद : नको. थायरॉइड हे ग्रंथीचं नाव. 'मला थायरॉइड निघाला' म्हटल्यावर कमी की जास्त, तेच कळत नाही, आणि हृदयाचं सगळं त्यावर ठरतं. हार्मोन जास्त झालं तर धडधड होते, ठोके अनियमित पडतात. कमी झालं तर यकृतपेशींवरचे एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) उचलणारे ग्राही (रिसेप्टर) घटतात आणि रक्तातलं एलडीएल वाढतं. 'थायरॉइडची सुप्त कमतरता' म्हणा.

प्रतिसाद : 'सुप्त'वरून लक्षणं नसतातच असं वाटेल. काहींना थकवा, बद्धकोष्ठता असते. निदान लक्षणांवर नाही, रक्तावर होतं : टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) वाढलेला, फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) मात्र मर्यादेत. 'प्राथमिक' तर मुळीच नको. त्याचा वैद्यकातला अर्थ 'दोष ग्रंथीतच आहे' असा होतो. 'सौम्य' चांगला, पण साधारण ४.५ ते १० टीएसएचपर्यंतच. २०१० साली ५५ हजारांवर लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात हृदयविकाराचा वाढलेला धोका ठळकपणे दिसला तो टीएसएच १० किंवा त्याहून जास्त असलेल्यांत.

प्रश्न : मग उपचारांचं कसं लिहू?

प्रतिसाद : 'थायरॉइड निघाला की गोळी' असा सूर लागू देऊ नका. एका अहवालावर शिक्का नको. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा बघतात. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास आधी सांगावं, त्यानं आकडे चुकतात. पासष्टीपुढच्यांवरच्या २०१७च्या चाचणीत गोळीनं थकव्यात फरक पडला नाही. गरोदरपणाचे निकष वेगळे, ते या लेखात मिसळू नका.

लेवोथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची हीच ती गोळी) रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. लोह-कॅल्शियम चार तासांच्या अंतरानं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. हृदयविकार असेल तर डॉक्टर १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमनं सुरुवात करून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघतात. डोस जास्त झाला तर एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचा) धोका.

आणि 'मायक्रोग्रॅम' पूर्ण लिहा. 'मि.ग्रॅ.' छापलं की वाचक मिलिग्रॅम समजतो, म्हणजे हजारपट.

प्रश्न : ठरलं. शीर्षकात 'थायरॉइड हार्मोनची सौम्य कमतरता', पहिल्याच परिच्छेदात टीएसएच आणि टी-४ची व्याख्या, आणि १० च्या वर 'सौम्य' कुठेच नाही.