ओट्याच्या ग्रॅनाइटचं वय २५० कोटी वर्षं, हे मोजतात कसं?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. घराचं काम चालू आहे, किचनच्या ओट्याला टॅन ब्राउन ग्रॅनाइट घेतला, तो चॉकलेटी रंगाचा, मोठे तांबूस ठिपके असलेला. दुकानदार म्हणाला करीमनगरचा माल आहे. परवा भाची आली, बीएस्सीला आहे, ती म्हणे मामा हा दगड अडीचशे कोटी वर्षांचा असेल. आता आपण नाशिककर, ब्रह्मगिरी अंजनेरी पांडवलेणी बघतच मोठे झालो, मला वाटायचं यापेक्षा जुनं काय असणार, पण ती म्हणते आपला काळा पाषाण फक्त साडेसहा कोटींच्या आसपासचा. मला खरंच समजून घ्यायचंय. कार्बन डेटिंग करतात का? आणि जो दगड जमिनीखाली परत परत भाजला गेलाय त्याचं वय कुठून मोजायचं, पहिल्यांदा बनला तिथून की शेवटचा भाजला तिथून? रात्री झोपताना पण हेच डोक्यात असतं.

दगडवेडा
दादा, भाची बरोबर बोलतेय. कार्बनचा इथे काही उपयोग नाही, कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, पन्नासेक हजार वर्षांच्या मागे मोजण्याइतका उरतच नाही, आणि तो लागतो लाकूड, हाडं, कोळसा अशा एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना.

ग्रॅनाइटसाठी त्यातलं झिरकॉन नावाचं खनिज शोधतात. त्याचा स्फटिक रव्याच्या कणापेक्षाही बारीक, पण चिवट इतका की मूळ दगड झिजून त्याची वाळू झाली तरी हा तसाच. वितळलेल्या दगडाचा रस थंड होताना झिरकॉन बनतो तेव्हा युरेनियमला त्याच्या आत जागा मिळते, शिशाला जवळपास मिळत नाही. म्हणजे आज आत जे शिसं सापडतं ते बहुतेक सगळं युरेनियम फुटूनच तयार झालेलं. युरेनियम किती उरलं, शिसं किती झालं, की वय निघालं.

काम मात्र मेहनतीचं आहे. दगड फोडायचा, चाळायचा, पाण्यात आणि जड द्रवात जड कण वेगळे काढायचे, लोहचुंबकाने लोखंडाचे बाजूला करायचे आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक झिरकॉन सुईने उचलायचा. ते रेझिनमध्ये बसवून घासून अर्धे कापतात, आतल्या रेघांचा फोटो काढतात आणि लेझर किंवा आयनचा झोत नेमक्या एका ठिपक्यावर मारतात, ठिपका केसापेक्षाही बारीक.

सिन्नरची_माहेरवाशीण
मला एक शंका आहे, राग मानू नका. युरेनियम फुटायचा वेग अडीचशे कोटी वर्षं तोच राहिला हे कशावरून? आणि मधे शिसं गळून गेलं असेल तर?

दगडवेडा
ताई, राग कसला, हाच प्रश्न विचारायला पाहिजे. फुटणं होतं अणूच्या गाभ्यात, दगड ज्या उष्णतेत आणि दाबात सापडतो त्याचा तिथे परिणाम होत नाही. आणि झिरकॉनमध्ये घड्याळं दोन असतात, कारण युरेनियम दोन प्रकारचं असतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं, २३५ ला फक्त ७०.४ कोटी. २५० कोटी वर्षांत पहिल्याचा साधारण एक तृतीयांश भाग संपतो, दुसऱ्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त. वेग इतके वेगळे असून दोन्हींनी एकच वय दिलं तर भरवसा ठेवायचा. शिसं गळलं असेल तर दोघांचं जुळत नाही, चोरी लगेच पकडली जाते, आणि बऱ्याचदा एकाच दगडातले असे बिघडलेले कण आलेखावर एका सरळ रेषेत येतात, ती रेषा मागे वाढवली की मूळ वय मिळतं.

पंचवटी_वाडा
भाजलेल्या दगडाबद्दल मी लिहितो, एमएस्सी जिऑलॉजी केलंय, बरीच वर्षं झाली पण हा विषय अजून जिवाचा आहे.

आमचा जुना वाडा घ्या. पाया पणजोबांच्या काळचा, मधली माडी आजोबांची, गिलावा मागच्या वर्षीचा. वाडा किती साली बांधला म्हणाल तर आधी विचारावं लागेल की कुठला भाग? रूपांतरित, म्हणजे जमिनीखाली भाजून-दाबून बदललेल्या दगडाचं असंच. तापल्यावर जुन्या झिरकॉनभोवती नवीन कड वाढते, गाभ्याचं वय एक, कडेचं दुसरं, म्हणून तर ठिपका नेमका कुठे मारला याला एवढं महत्त्व. पोटॅशियम-४० चं घड्याळ वेगळं, त्याचा काही भाग फुटून आर्गॉन वायू होतो आणि दगड तापला की कुकरच्या शिट्टीसारखा वायू निघून जातो, घड्याळ शून्यावर. काळ्या अभ्रकात साधारण ३०० अंशांच्या खाली आला की आर्गॉन साठायला लागतो, हॉर्नब्लेंड नावाच्या खनिजात ५०० च्या आसपास, झिरकॉन मात्र ९०० अंशांनाही शिसं सहज सोडत नाही. त्यामुळे एकाच दगडातून तीन वयं आली तर कुणी खोटं बोलत नसतं, एक जन्माचं, बाकीची थंड होत गेल्याची. गंगापूररोडकर, तुमच्या "कुठून मोजायचं" चं उत्तर हे आहे, दोन्हीकडून मोजतात आणि दोन्ही लिहून ठेवतात.

बंगळुरूला गेलात तर लालबागेतल्या खडकावर नक्की जा, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस, म्हणजे असाच रूपांतरित दगड आहे, ३०० कोटी वर्षांच्या घरातला, लोक त्यावर बसून शेंगा खातात. मी हात लावून बराच वेळ उभा होतो.

दगडवेडा
+१. आणि आपल्याकडे असला दगड नाही असं नाही, तो खाली आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटर काळा पाषाण संपल्यावर जुना दगड लागला. कोयनेला तोच लागायला साधारण ९०० ते १,२०० मीटर जावं लागलं. काळ्या पाषाणात झिरकॉन सहसा नसतो, म्हणून दोन थरांमधल्या तांबड्या मातीत पडलेल्या राखेतले झिरकॉन शोधून त्याचं वय पक्कं केलं.

सिन्नरची_माहेरवाशीण
मग आमच्या ओट्याचा जेट ब्लॅक? त्यात तर ठिपकेच नाहीत.

पंचवटी_वाडा
ताई, बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणतात पण बहुतेकदा तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, जुन्या दगडाच्या भेगांत घुसून थिजलेला रस. त्यात बॅडेलाइट नावाचं खनिज शोधतात, पद्धत युरेनियम-शिशाचीच. बंगळुरूच्या आजूबाजूला भेगांत असाच थिजून झालेल्या भिंतीसारख्या पट्ट्यांचं वय त्यानेच २३७ कोटी आलं.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार, भाचीला पूर्ण धागा वाचून दाखवला. एक विचारतो, सिंकसाठी कापलेला मोठा तुकडा पडून आहे, मिस्त्री म्हणतोय बाथरूमच्या उंबऱ्याला लावू. त्यात घरी झिरकॉन दिसेल का?

पंचवटी_वाडा
नुसत्या डोळ्यांनी नाही. पण भाचीच्या कॉलेजात जिऑलॉजी असेल तर एक कोपरा कापून ०.०३ मिलिमीटरची पातळ चकती करून घ्या. मायक्रोस्कोपखाली तपकिरी अभ्रकात बारीक कण आणि भोवती काळपट वर्तुळ दिसलं की बहुतेक झिरकॉन समजा, ते वर्तुळ आतल्या युरेनियम-थोरियमच्या किरणांनी पडलेलं असतं. उंबऱ्याला दुसरा तुकडा मिळेल हो, हा भाचीला द्या.