मदत हवी आहे : पाळोळेहून गालजीबागपर्यंत किनाऱ्याने चालत जाता येईल का?

समुद्रवेडी : पुढच्या आठवड्यात आम्ही गोव्याच्या काणकोण तालुक्यातील पाळोळेला एका रिसॉर्टवर मुक्कामाला जात आहोत. गाडी न घेता किनाऱ्याकिनाऱ्याने कोळंब, पाटणे, राजबाग करत थेट गालजीबागपर्यंत चालत जाण्याचा विचार आहे. नकाशावर वाळू जवळजवळ सलग दिसते, पण रिसॉर्टवर फोन केला की ते होडीच्या सहलीचे दर सांगू लागतात. जमेल की नाही एवढेच कृपया लवकर सांगावे.

वाटाड्या : आपण किती वाजता निघणार, सोबत कोण आहे आणि त्या दिवशी तिथी कोणती, यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

समुद्रवेडी : तिथीचा काय संबंध? पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, न्याहारी करून दहा वाजता निघू.

वाटाड्या : संबंध आहे तो इथेच. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, म्हणजे चतुर्दशीला (चौदाची पाऊणपट) साडेदहा. ऐन उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीत आपण खडकांपाशी उभ्या असाल.

दर्यावर्दी : हा हिशेब मुंबईच्या बाजूला चालतो. गोव्यात भरती त्याच्या आधीच येते, आणि मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, तर गोव्यातल्या मुरगाव बंदरात जेमतेम दोन मीटर. आजोबांच्या पाऊणपटीवर विसंबण्याऐवजी मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे.

वाटाड्या : कोष्टक अवश्य पाहावे, पण तासाभराच्या फरकाने दहाची वेळ योग्य ठरत नाही, हे आपणही मान्य कराल.

भटकंती७ : एवढा खटाटोप कशाला? भाड्याने स्कूटर घ्यावी आणि उत्तरेला आगोंदला जावे. तो किनारा लांब, सरळ आणि निवांत आहे.

काणकोणवासी : ताईंनी दक्षिणेची वाट विचारली आहे, तेव्हा तिच्याविषयी लिहितो. पाळोळेच्या दक्षिण टोकाला वाळू संपून खडक लागतात आणि त्यापलीकडे कोळंबची लहानशी, खडकाळ खाडी आहे. तिथून पाटणे जवळच आहे. पाटणे आणि राजबाग यांच्यामध्येही खडक आहेत, ते ओहोटीतच ओलांडावेत. कातळाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, त्यामुळे अनवाणी किंवा साध्या चपलेने जाऊ नये. राजबागची पुळण मात्र मोकळी आणि चालायला उत्तम आहे. परंतु तिच्या दक्षिण टोकाला तळपण नदी समुद्राला मिळते आणि किनाऱ्याची वाट तिथे संपते. पाणी उथळ भासले तरी मुखाशी ओढ असते, म्हणून ते चालत ओलांडण्याचा विचारही करू नये. गालजीबागला रस्त्याने, पुलावरूनच जावे लागते. ते सागरी कासवांच्या विणीचे ठिकाण असल्याने हिवाळ्यात वनखात्याने कुंपण घातलेल्या जागांपासून दूर राहावे.

समुद्रवेडी : अतिशय उपयुक्त माहिती. सोबत सासूबाई आहेत, वय सत्तरच्या पुढे, आणि त्यांचे गुडघे दुखतात. पाटण्यापर्यंत तरी त्यांना नेता येईल ना?

काणकोणवासी : अहो, हे पहिल्याच प्रतिसादात विचारले होते! त्यांना खडकांवरून नेऊ नका; रिक्षाने पाटण्याला पोहोचवा आणि तुम्ही मागून चालत या. त्या दिवशीची ओहोटी दुपारी चारच्या आसपास असेल, नेमकी वेळ कोष्टकात पाहा. तीनच्या सुमारास पाळोळेहून निघालात, तर राजबागपर्यंतचे दोन्ही खडक उतरत्या पाण्यात पार होतील. परतताना मात्र पाणी चढत असेल आणि अंधारही पडू लागेल, म्हणून राजबागहून रस्त्यानेच या.

दर्यावर्दी : पाळोळेच्या उत्तर टोकाचे बेटही ओहोटीत चालत गाठता येते. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा आणि पाणी चढण्याआधी परतावे, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत तिथेच बसावे लागेल.

खवय्या : पाटण्याला पोहोचल्यावर ताज्या मासळीची थाळी चुकवू नये. सुरमई नसेल तर मोरी (लहान शार्क) मागवावी.

समुद्रवेडी : आम्ही शाकाहारी आहोत. दर्यावर्दी, मुरगावच्या कोष्टकातली वेळ काणकोणला तशीच धरायची, की त्यात काही मिनिटे कमी-अधिक करायची?