मदत हवी आहे: कल्प, महाकल्प, युग यांत पार गोंधळ उडालाय

निपाणीकरीण:
परवा पेपर आहे आणि भूशास्त्रीय कालखंडांचं कोष्टक डोक्यात बसेना झालंय. एका पुस्तकात ज्याला युग म्हटलंय, त्यालाच दुसऱ्यात कल्प. तिसऱ्यात टर्शरी आहे, चौथ्यात तो शब्दच नाही. नक्की काय धरू? लवकर सांगा की कुणीतरी.

गोकाककर:
कुठला पेपर? मराठीतून की इंग्रजीतून? आणि कोष्टक कुठपर्यंत विचारतात?

मामा_बेळगाव:
पाठ कर, पोरी. कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन, डेव्होनियन, कार्बोनिफेरस, पर्मियन. रोज दहा वेळा लिहून काढलं की जन्मात विसरत नाही. मी असंच केलं. आणि एमपीएससी असेल तर आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्यांना अर्ज करता येतो, दाखला आधी काढून ठेव.

खानापूर_रान:
मामा, दाखल्याचं कुणी विचारलं? पाठ करूनच गोंधळ झालाय तिचा. ताई, मराठी शब्द दोन दिवस बाजूला ठेवा. सगळ्यात मोठा इऑन, त्याच्या पोटात इरा, मग पीरियड, मग इपॉक, शेवटी एज. इऑन चारच: हेडियन, आर्कियन, प्रोटेरोझोइक, फॅनेरोझोइक. पहिले तीन मिळून प्रीकँब्रियन. पृथ्वीच्या ४६० कोटी वर्षांतली ४०० कोटींहून जास्त त्यातच गेली. पुस्तकात ती तळाला दोन ओळींत उरकतात, तिथंच फसगत होते.

पंचांगी:
कल्प हा आपलाच शब्द आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षं. तेच धरलं की सगळं जुळतं.

खानापूर_रान:
नाही जुळत, दादा. भाषांतर करणाऱ्यांनी शब्द घेतला, हिशेब नाही. इथं कँब्रियनपासूनच्या सीमा मुख्यतः खडकातल्या जीवाश्मांवरून ठरतात. म्हणून तर एक पीरियड अडीच कोटींचा आणि दुसरा आठ कोटींचा.

पंचांगी:
शब्द घ्यायचा आणि अर्थ सोडायचा, हे मला पटत नाही.

निपाणीकरीण:
बीएस्सीचा पेपर आहे, इंग्रजीतून. सांगायचं राहिलं. क्रिटेशस या एकाच पीरियडला 'लोअर क्रिटेशस' आणि 'अर्ली क्रिटेशस' असं दोन्ही येतंय, तेही कळेना.

गोकाककर:
हे आधी सांगायचं की, ताई! लोअर म्हणजे खडक, खालचा थर. अर्ली म्हणजे काळ, आधीचा. खडकाबद्दल लिहिताना पीरियडला सिस्टीम म्हणतात आणि इपॉकला सिरीज. टर्शरी जुनं नाव, त्याचे आता पॅलिओजीन आणि निओजीन झाले. क्वाटर्नरी तसाच आहे.

आणि एकदा आमच्या धबधब्यावर या. घटप्रभा जिथून खाली पडते, तिथल्या कड्यात तांबूस, कठीण दगडाचे थर एकावर एक दिसतात. तो कलादगीचा खडक, प्रोटेरोझोइकमधला. आपल्या जिल्ह्यात त्याच खडकावर कितीतरी ठिकाणी काळा कातळ येऊन बसलाय. तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशस संपता संपताचा. दोन्हींच्या मध्ये निदान ४५ कोटी वर्षांचा खडकच नाही. कँब्रियन ते पर्मियन, मामांनी लिहिलेली सगळी नावं, दोन्ही खडक जिथं टेकतात त्या एका रेघेत गेली. मी ती रेघ पहिल्यांदा बोटानं चाचपली, तेव्हा कुठं कोष्टक समजलं मला.

मामा_बेळगाव:
धबधब्याला पाणी आहे का आता? रविवारी नातवंडांना आणायचं म्हणतोय.

गोकाककर:
आहे की, मामा. पण कड्याच्या टोकाला नका जाऊ, शेवाळ आहे.

निपाणीकरीण:
लोअर-अर्लीचं कळलं. पण प्रीकँब्रियनला जीवाश्म जवळजवळ नाहीतच, मग आर्कियन-प्रोटेरोझोइकची सीमा कशावरून धरली?

खानापूर_रान:
सरळ आकड्यावरून, २५० कोटी. तिथं वर्षच ठरवून टाकलंय.