ऑक्टोबरमध्ये कॉनकॉर्ड : स्लीपी हॉलो दफनभूमी आणि लेखकांची घरे एका दिवसात होतील का?

नौपाड्याची वाचक

नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता अमेरिकेत बॉस्टनजवळ वॉल्थमला मुलाकडे जात आहोत. शाळेत असताना शान्ता शेळके यांची 'चौघीजणी' वाचली आणि पुढे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून दुर्गाबाई भागवतांचे 'वॉल्डनकाठी विचारविहार' आणून दोनदा वाचले. या दोन्ही पुस्तकांचे मूळ लेखक, म्हणजे लुइझा मे ऑल्कॉट आणि थोरो, तिथल्याच कॉनकॉर्ड गावच्या एकाच दफनभूमीत, एकाच टेकडीवर विसावले आहेत असे कळल्यापासून तिथे जायचेच असे मनात धरले आहे. मुलगा-सून आठवडाभर कामावर असतात, त्यामुळे आम्हाला रेल्वेने जावे लागेल. माझे गुडघे दुखतात, चढ कितपत आहे? यजमानांचा प्रश्न वेगळाच आहे. "एवढे पैसे खर्च करून परदेशात जायचे आणि फिरायला स्मशान निवडायचे?" असे ते विचारतात. त्यांना काय सांगावे?

घोडबंदरकर

काकू, कामानिमित्त मी त्या भागात तीन वर्षे होतो आणि दर ऑक्टोबरमध्ये तिथे एक तरी फेरी होत असे. काकांना सांगा की १८५५ साली ही दफनभूमी सुरू झाली तेव्हा समर्पणाचे भाषण स्वतः थोरोंचे स्नेही, विचारवंत लेखक इमर्सन यांनी केले होते. जमिनीचे मूळ चढउतार आणि झाडी राखून, जिवंत माणसांनीही येऊन फिरावे, बसावे अशीच तिची आखणी केलेली आहे. आपल्याकडे दहनानंतर मागे जागा उरत नाही, म्हणून आपल्याला ही कल्पना परकी वाटते, इतकेच.

फिचबर्ग मार्गाची लोकल वॉल्थमहून थेट कॉनकॉर्डला जाते. स्थानकापासून गावचा चौक पंधरा मिनिटांवर आहे आणि तिथून बेडफर्ड रस्त्याने थोडे पुढे गेले की दफनभूमी लागते. 'ऑथर्स रिज' नावाच्या टेकडीचा चढ लहान पण उभा आहे. मध्य ऑक्टोबरमध्ये मेपल लालभडक झालेले असतात, पण पायवाटेवर ओकची पाने आणि पाइनच्या सुया यांचा थर साचतो आणि पाऊस झाला असेल तर पाय हमखास घसरतो. काठी न्यावी.

वर गेल्यावर पाट्या नीट पाहाव्यात, नाहीतर थोरो चुकतात. कुटुंबाच्या मोठ्या दगडाशेजारी त्यांचा स्वतःचा दगड जेमतेम दीड वीत उंच असून त्यावर 'हेन्री' एवढेच कोरलेले आहे. लोक तिथे पेन्सिली ठेवून जातात, कारण थोरो घराण्याचा पेन्सिलींचा धंदा होता आणि ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून त्या सुधारण्याचे काम हेन्रींनी केले होते. इमर्सन यांच्या कबरीवर मात्र गुलाबी-पांढऱ्या स्फटिकाचा ओबडधोबड, भलामोठा धोंडा आहे. कादंबरीकार हॉथॉर्नही त्याच टेकडीवर आहेत.

एक सावधगिरी : याच नावाची दुसरी प्रसिद्ध दफनभूमी न्यूयॉर्क राज्यात आहे. फोनवर नकाशा लावताना मॅसॅच्युसेट्स असल्याची खात्री करावी.

वाशीची ग्रंथपाल

ताई, 'चौघीजणी'च्या वाचकाने एक गोष्ट आधी जाणून जावी, नाहीतर तिथे थोडी निराशा होते. कादंबरीतल्या चौघी बहिणी लुइझाने स्वतःच्या घरातूनच घेतल्या, पण त्या चौघी टेकडीवर एकत्र सापडत नाहीत. ज्यो म्हणजे लुइझा आहे, तिची मेग म्हणजे ॲना आहे आणि बेथ म्हणजे एलिझाबेथही आहे, पण ॲमी जिच्यावरून घेतली ती 'मे' नावाची धाकटी बहीण १८७९ साली फ्रान्समध्ये वारली आणि तिला तिथेच पुरले. लुइझा १८८८ च्या मार्चमध्ये, वडिलांनंतर अवघ्या दोन दिवसांनी गेली.

ऑल्कॉट कुटुंबाचे घर 'ऑर्चर्ड हाउस' चौकापासून लेक्सिंग्टन रस्त्याने साधारण मैलभर आहे. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, त्यामुळे वेळ आधी ठरवून तिकीट काढावे. लुइझाच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मध्ये वडिलांनी बसवून दिलेली अर्धगोल फळी आहे. त्या फळीवर ही कादंबरी लिहिली गेली आणि १८६८ मध्ये तिचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. फळी इतकी लहान आहे की वही उघडली की कोपर टेकवायला जागा उरत नसेल. एलिझाबेथ मात्र या घरात कधी राहिलीच नाही, कारण कुटुंब इथे राहायला येण्याच्या काही महिने आधीच, १८५८ च्या मार्चमध्ये, ती गेली होती.

थोरो जिथे झोपडी बांधून राहिले ते वॉल्डन तळे त्याच दिवशी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तळे गावापासून दीड मैल दूर आहे आणि थोरोंच्या झोपडीची मूळ जागा तळ्याच्या काठाने आत चालत गेल्यावर येते. तिथे आता फक्त दगडी खुणा आहेत. दहा फूट बाय पंधरा फुटांच्या झोपडीची प्रतिकृती मात्र वाहनतळाजवळच उभी केली आहे. सुट्टीच्या दिवशी मुलाच्या गाडीने सकाळी लवकर जावे, कारण रंग पाहायला गर्दी होते.

घोडबंदरकर

वॉल्डनबद्दल ग्रंथपालबाईंचे म्हणणे मान्य. काकांसाठी एक भर घालतो. १८४६-४७ च्या हिवाळ्यात या तळ्याचा बर्फ कापायला मजूर आले होते आणि त्या काळी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागाच्या, तळ्यांतला बर्फ भुशात बांधून जहाजाने कलकत्ता, मद्रास आणि मुंबईलाही येत असे. थोरोंनी त्याचा उल्लेख केला आहे, तोही सकाळी गीता वाचत असल्याचे सांगताना.

नौपाड्याची वाचक

आपणा दोघांचे मनापासून आभार. मंगळवारी रेल्वेने दफनभूमी आणि ऑर्चर्ड हाउस, शनिवारी गाडीने वॉल्डन, असे ठरवले आहे. बर्फाची हकीकत वाचून दाखवल्यावर यजमान काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी स्टेशन रोडवरून पेन्सिलींचा एक डबा आणला. मंगळवारी ऑर्चर्ड हाउस आतून पाहायला मिळते का, एवढे कोणी सांगू शकेल का?

वाशीची ग्रंथपाल

ताई, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. तिथे पोहोचल्यावर सुनेला त्यांचे संकेतस्थळ पाहायला सांगावे आणि तिकीट मिळाल्यानंतरच रेल्वेची वेळ ठरवावी.