प्रतिसाद: १२ ची बॅटरी २४.८८ का दाखवते
भाऊ, तुम्ही लिहिलंय की शिरपूरच्या शेतातल्या बोर्डावर आयएनए२१९ ही व्होल्टेज मोजणारी चिप बसवली, तिच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर (चिप वाचणारा प्रोग्रॅम) स्वतः लिहिला, आणि १२ व्होल्टची बॅटरी २४.८८ दाखवते. वर दोघं-तिघं चिप बदला म्हणतायत. बदलू नका, चिप चांगली आहे.

ती वरचा बाइट आधी पाठवते. एसएमबसचं (चिपशी बोलायची दोन तारांची पद्धत) साधं रीड-वर्ड फंक्शन मात्र खालचा बाइट आधी आला असं धरून चालतं. १२ व्होल्टला चिपच्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या खणात) हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, ५डीसी२ असतं, उलटं वाचलं की सी२५डी. तीन बिट उजवीकडे सरकवा, ४ मिलिव्होल्टने गुणा: बरोब्बर २४,८७६ मिलिव्होल्ट, म्हणजे तुमचे २४.८८. त्याच फंक्शनचा ‘स्वॅप्ड’ (बाइट उलटवून देणारा) प्रकार वापरा, काम झालं.

याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेर रेझिस्टर डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक पटीत कमी करणारी जोडणी) लावलात तर त्याचा गुणाकार ड्रायव्हरमध्ये कोंबू नका. एचडब्ल्यूमॉनचा (लिनक्समधल्या सेन्सर ड्रायव्हरांच्या विभागाचा) शिरस्ता असा की चिपच्या पिनवरचे मिलिव्होल्ट तसेच द्यायचे, पुढचा हिशोब सेन्सर्स या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलमध्ये. उद्या रावेरच्या केळीबागेत कोणी हाच ड्रायव्हर वेगळ्या बोर्डावर चढवेल, त्याचं अडायला नको.

लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) या चिपसाठी आयएनए२एक्सएक्स ड्रायव्हर आहेच. शिकण्यासाठी स्वतःचा जरूर लिहा, पण रात्रीच्या लाइटीवर पंप सांभाळणाऱ्या बोर्डावर कर्नलमधलाच राहू द्या.